अडुळसा कच्चा कुटू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खोकल्यावर ‘अडुळशाचा रस घ्या’ असे सगळेच सांगतात, तो काढायचा कसा हे मात्र कुणी सांगत नाही. ताजे पान खलबत्त्यात कितीही कुटले तरी रस सुटत नाही, चिकट गोळा तेवढा हाती येतो. मग लोक त्यात पाणी घालून गाळतात आणि त्या हिरव्या पाण्यालाच रस समजतात.

आठ-दहा जून पाने धुऊन पुसावीत आणि चाळणीत ठेवून दहा मिनिटे वाफवावीत. रंग काळपट होऊन देठ मऊ पडला की गरम असतानाच ठेचावीत आणि फडक्यातून पिळावीत. पुटपाक या जुन्या आयुर्वेदिक कृतीचे तत्त्वही हेच. तिथे वाटलेला गोळा पानात गुंडाळून, वर माती लिंपून निखाऱ्यात भाजतात. मोठ्या माणसाला एका वेळी दोन चमचे, म्हणजे 10 मिली रस पुरे. जास्त घेतला तर मळमळते, उलटीही होते. मध घालायचा तो रस निवल्यावर, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नको. रस रोज ताजा काढावा.

काढ्याला सुक्या पानांची भरड घ्यावी. पूड तळाशी बसून करपते. 10 ग्रॅम भरडीला 160 मिली पाणी, आणि मंद आचेवर, झाकण न ठेवता, 40 मिली उरेपर्यंत आटवणे.

सुकी पाने विकत घेताना महारुख या झाडाची पाने त्यात मिसळलेली नाहीत ना, हे पाहावे. अडुळशाच्या पानाची कड सरळ असते आणि ते दोन्ही टोकांना निमुळते होते. महारुखाच्या पर्णिकेची (मोठ्या पानातल्या छोट्या पानाची) कड दातेरी, बूड तिरके. चुरा झालेला असेल तर ओळखणे कठीण, म्हणून तो घेऊच नये.

अडुळशातला वासिसिन हा घटक कफ पातळ करतो. ब्रोमहेक्झिन आणि अँब्रॉक्सॉल ही औषधे त्याच्याच रचनेवरून पुढे आली. पण वासिसिनने गर्भाशयही आकुंचन पावते, त्यामुळे गरोदरपणी अडुळसा पूर्ण वर्ज्य. ‘झाडपाल्याचे आहे, काय होतंय’ हे इथे चालत नाही. थुंकीतून रक्त पडत असेल किंवा खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर काढा उकळत बसू नये, आधी थुंकीची तपासणी करून घ्यावी.

आपले,
वनौषधींचे दोन अभ्यासक