आप्पांची छत्री आणि माझी तीन बिलं: माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

२९ जून २०२४ची रात्र. बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल, दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १६ धावा हव्या होत्या. सांगलीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही पाच जण एका मोबाइलवर वाकलो होतो. मोबाइल डायनिंग टेबलावर, साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला. हार्दिक पंड्या रनअपच्या टोकाला चेंडू घेऊन उभा, तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. तासगाव तालुक्यातल्या गावाकडनं आप्पांचा.

"आरं, सूर्यानं काय कॅच घेतलाय! बॉल आत टाकला, भाहीर गेला, परत आत येऊन धरला. गेला मिलर! संपली मॅच!"

"आप्पा, सांगू नका हो! इकडं अजून बॉल पडायचाय!"

मग पंड्या पळत आला, मिलरनं उंच मारला आणि सूर्यकुमारनं सीमारेषेवर अगदी आप्पांनी सांगितल्याप्रमाणे तो झेल घेतला. घरात कुणी उडी मारली नाही. मुलीनं फक्त विचारलं, "आजोबांकडे कुठलं नेट आहे?"

आप्पांकडे नेट नाही. त्यांच्याकडे पत्र्यावर बसवलेली डीडी फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेची, छत्री आहे. एकदाच पैसे भरून बसवली, तेव्हापासून महिन्याला शून्य रुपये. माझ्याकडे मात्र तीन बिलं येतात: केबलचं, वायफायचं आणि ॲपचं. त्या वर्षी मोबाइलवर सामने फुकट होते हे खरं, पण फक्त मोबाइलवर. मोठ्या पडद्यावर बघायचं तर वेगळी वर्गणी भरणं आलं. केबलच्या पॅकमध्ये क्रीडा वाहिनी होती, ती त्याच महिन्यात पॅक बदलला तेव्हा गळाली, आणि हे आम्हाला कळलं ते नाणेफेक झाल्यावर. केबलवाल्याचा फोन बंद. म्हटलं, जाऊ दे, सरकारी वाहिनी तर आहे. डीडी स्पोर्ट्स लावलं, तर तिथं कुठल्यातरी जुन्याच स्पर्धेचं पुनःप्रक्षेपण चाललेलं. आप्पांच्या डीडी स्पोर्ट्सवर फायनल, माझ्या डीडी स्पोर्ट्सवर शिळी भाजी. वाहिनी एक, देश एक, मध्ये अंतर ३० किलोमीटरही नाही.

दुसऱ्या दिवशी केबलवाला दारात आला तेव्हा त्याला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, ते छत्रीवरच दिसतं. आमच्याकडं आलं तरी आम्हाला दाखवता येत नाही. कोर्टाचं आहे काहीतरी." त्याचं बोलणं मला तेव्हा टोलवाटोलवी वाटलं. नंतर वाचून बघितलं, तर त्याचं बरोबर होतं. म्हणून हे पत्र त्याला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

तुम्हाला हे ठाऊक असेलच, पण माझ्यासारख्या वाचणाऱ्यांसाठी थोडं मागं जातो. २१ जानेवारी २००७ला नागपूरला भारत-वेस्ट इंडिज एकदिवसीय सामना झाला. सौरव गांगुली बऱ्याच काळानं संघात परतला होता आणि त्यानं ९८ केल्या. भारतानं ३३८ काढल्या आणि जेमतेम १४ धावांनी जिंकलं. एवढा रंगलेला सामना, पण प्रक्षेपणाचे हक्क घेतलेली कंपनी आणि दूरदर्शन यांच्या भांडणात अँटेनावाल्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही. पुढच्या सामन्यांना दिल्ली उच्च न्यायालयानं सात मिनिटं उशिरानं प्रक्षेपण करायची मुभा दिली. सात मिनिटं उशिरा क्रिकेट! शेजारच्या घरात आरडाओरडा झाला की आपण समजायचं, सात मिनिटांनी विकेट आहे. सरकारनं फेब्रुवारीतच अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी कायदा झाला: राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडा स्पर्धांचं थेट प्रक्षेपण ज्याच्याकडे असेल त्यानं त्याच वेळी, स्वतःच्या जाहिराती वगळून, दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायचं. दूरदर्शननं त्यावर मिळवलेल्या जाहिरातींच्या पैशांतला किमान ७५ टक्के वाटा हक्कवाल्याचा, २५ दूरदर्शनचा. मला हा कायदा आजही शहाणपणाचा वाटतो. कुणाचं काही हिसकावलं नाही आणि घराघरात सामना पोचला.

त्याच्या मुळाशी त्याहून जुना निकाल आहे, १९९५चा. हीरो कप या क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले होते. न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठानं सांगितलं की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे ती ना सरकारची जहागीर, ना पैसेवाल्याची.

मग अडलं कुठं? कायद्यातल्या एका शब्दसमूहावर. प्रसार भारतीला मिळालेला सिग्नल 'तिच्या' टेरेस्ट्रियल (अँटेनावर दिसणाऱ्या) आणि डीटीएच (उपग्रहावरून थेट छत्रीवर येणाऱ्या) जाळ्यावर दाखवायचा, असं कलम ३ म्हणतं. दुसरीकडे केबल कायद्यानुसार केबलवाल्यांना दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणं सक्तीचं, त्यामुळे सामना आपोआप केबलच्या घरांतही पोचायचा. हक्क घेणाऱ्यांचं म्हणणं असं की, आम्ही कोट्यवधी मोजून हक्क घेतो आणि आमचंच गिऱ्हाईक दूरदर्शनवर फुकट बघतं. २२ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांचं म्हणणं मान्य केलं: सिग्नल प्रसार भारतीच्या स्वतःच्या जाळ्यापुरताच, खासगी केबल आणि डीटीएचला नाही. न्यायालयाला दोष देऊन उपयोग नाही, शब्द तसेच लिहिले होते. पण शब्द लिहिणारं आणि खोडणारं खातं तुमचं आहे.

आणि आता त्या शब्दांचं काय उरलं ते बघा. टेरेस्ट्रियल म्हणजे घरावरची जुनी ॲल्युमिनिअमची अँटेना. दूरदर्शननं आपले ॲनालॉग प्रक्षेपक मार्च २०२२पर्यंत जवळपास सगळे बंद केले, सीमाभागातले वगैरे मोजके सोडून. आप्पांच्या जुन्या अँटेनावर सध्या दोडक्याचा वेल चढवलाय. म्हणजे कायद्यानं दिलेल्या दोन वाटांपैकी एक सरकारनंच बुजवली. उरली फ्री डिशची छत्री. ती देशात चार कोटींहून जास्त घरांवर आहे, ही काही लहान गोष्ट नाही. पण कायदा झाला तेव्हा 'देशानं बघावं' असं ठरलं होतं, 'छत्री असेल त्यानं बघावं' असं नव्हे.

गंमत अशी की ज्याच्याकडे छत्री नाही तो कुणी श्रीमंत असतो असं नाही. तो शहरात भाड्याच्या खोलीत राहतो, गच्ची त्याची नसते. एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारी चार पोरं एका खोलीत राहतात, त्यांच्याकडे टीव्हीच नसतो, चौघांत मिळून एका मोबाइलला रोजचा दीड जीबी. कायदा झाला २००७मध्ये. तेव्हा मोबाइलवर सामना बघता येईल असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं, म्हणून कायद्यात मोबाइल नाही. आज बहुतेक तरुण सामना तिथंच बघतात. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात स्वतःचं 'वेव्हज' ॲप वाजतगाजत सुरू केलं, चांगलं केलं. पण २००७च्या कायद्यानं मिळणारा सिग्नल त्यावर दाखवायचा हक्कच कायद्यात लिहिलेला नाही. घर बांधलं आणि दाराला चौकट ठेवायची राहिली.

बाजारात काय चाललंय तेही सांगतो, कारण तुमच्या घरी हे कुणी हाताळत असेल असं वाटत नाही. जून-जुलै २०२५च्या इंग्लंड दौऱ्यात टीव्हीवर सोनी, मोबाइलवर जिओहॉटस्टार. सप्टेंबरात आशिया चषक पुन्हा सोनीकडे. मायदेशातल्या मालिका तिसऱ्याच करारात. दर दौऱ्याला घरात एक माणूस 'ही मॅच कुठं लागते' याचा शोध घेण्यासाठी नेमावा लागतो, आमच्याकडे ती माझी मुलगी आहे. २०२२ला आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांचे ४८,३९० कोटी आले तेव्हा टीव्हीचे हक्क एका कंपनीकडे आणि डिजिटलचे दुसरीकडे गेले, निदान दोन दुकानं तरी होती. नोव्हेंबर २०२४मध्ये ती दोन्ही दुकानं एक झाली. पुढच्याच आयपीएलला 'फुकट' हा शब्द रिचार्जच्या पॅकमध्ये गुंडाळून आला.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर हे पत्र फुकट्याचं पत्र म्हणून बाजूला पडेल. आयपीएल फुकट दाखवा असं मी म्हणत नाही. ती क्लबांची जत्रा आहे, तिकीट काढून बघावी. हक्कांच्या पैशांवरच बोर्ड चालतं, रणजी खेळणाऱ्या पोराला मानधन मिळतं, २०२२पासून महिला खेळाडूंनाही पुरुषांएवढीच मॅच फी मिळते. हे पैसे आटले तर नुकसान खेळाचंच. माझं म्हणणं फक्त त्या छोट्या यादीपुरतं आहे जी सरकारनंच 'राष्ट्रीय महत्त्वाची' म्हणून राजपत्रात छापली. छापलीच आहे तर दाखवा. नाहीतर यादी तरी रद्द करा, म्हणजे आम्ही आशेवर बसणार नाही.

हक्कवाल्यांची तक्रारही खोटी नाही. त्यावर उपाय मात्र लोकांना दिसू न देणं हा नव्हे. केबलवर दूरदर्शनचं प्रक्षेपण गेलं तर त्या घरांमुळे जाहिरातींचा दर वाढेल, त्यातला वाटा ७५ऐवजी ८० करा, ८५ करा. चित्राचा दर्जा थोडा कमी ठेवा. एचडी, वेगवेगळे कॅमेरे, हवी तेव्हा रिप्ले, हे सगळं पैसे देणाऱ्याला मिळू दे. आप्पांना ते नकोच आहे. त्यांना बॉल दिसला की पुरे.

बाहेरच्या देशांत हे केलेलं आहे. ऑस्ट्रेलियात महत्त्वाचे सामने आधी फुकट वाहिन्यांना मिळावेत असा जुना नियम होता, २०२४मध्ये त्यांनी तो ॲपवाल्या कंपन्यांनाही लावला. ब्रिटननंही त्याच वर्षी आपल्या यादीचा कायदा इंटरनेटच्या जमान्याला जुळवून घेतला. तिथलीच उलटी गोष्टही आहे. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची २००५ची ॲशेस मालिका चॅनल फोरवर फुकट होती, सगळा देश वेडा झाला होता. पुढच्या वर्षीपासून घरचं कसोटी क्रिकेट स्कायच्या सशुल्क वाहिनीवर गेलं. २०१९च्या विश्वचषकाची फायनल मात्र चॅनल फोरवरही फुकट दाखवली, कारण इंग्लंड फायनलला पोचलं होतं आणि अर्ध्या देशाला ते दिसणार नव्हतं. आपल्याकडे अशी वेळ यायला फार वर्षं लागतील, पण मुलीच्या वर्गातल्या पोरांकडे बघा. सामना कुणी बघत नाही, अर्ध्या मिनिटाची क्लिप बघतात. झेल ठाऊक असतो, त्या झेलाआधीची वीस मिनिटांची धाकधूक ठाऊक नसते.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. दूरदर्शनला सिग्नल मिळतो तेव्हा समालोचन मराठीत का नाही? बाळ ज. पंडितांच्या आवाजात आकाशवाणीवर क्रिकेट ऐकत आप्पांची पिढी मोठी झाली. कुंपणापलीकडे गेलेला चेंडू त्यांनी आधी मराठीत ऐकला, मग पडद्यावर पाहिला. सह्याद्री वाहिनी आहे, आकाशवाणीची केंद्रं आहेत, समालोचन करू शकणारे माजी खेळाडू पुण्या-मुंबईत ढिगानं आहेत. रणजीचं तर बोलायलाच नको. २०२५ला नागपुरात विदर्भानं केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक जिंकला, पण तिथवर पोचायला खेळलेले त्यांचे साखळी सामने किती जणांना दिसले? असो, तो मुद्दा बोर्डाचा. ते पत्र वेगळं.

तुमच्याकडे मागणं नवीन काही नाही. २०१८मध्ये तुमच्याच मंत्रालयानं या कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा काढला होता, दूरदर्शनवरचा सामना केबल आणि खासगी डीटीएचवरही दिसावा म्हणून. लोकांच्या सूचनाही मागवल्या होत्या. तो मसुदा बाहेर काढा. त्यात 'केबल आणि डीटीएच' याच्या पुढे प्रसार भारतीचं स्वतःचं ॲप जोडा. राष्ट्रीय महत्त्वाची यादी एकदा नीट तपासा, आणि ती मराठीसह सगळ्या भाषांत तुमच्या संकेतस्थळावर ठळक ठेवा, म्हणजे कुठला सामना आपल्या हक्काचा आहे हे केबलवाल्यालाही कळेल आणि गिऱ्हाइकालाही. दोन ओळींची दुरुस्ती आहे. २००७ला अध्यादेश काढायला महिनाही लागला नव्हता.

तोवर मी माझ्यापुरता मार्ग शोधलाय. फ्री डिशची छत्री विकत घेतली. बसवायला गच्चीवर जागा हवी म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींना रीतसर अर्ज दिला. ते म्हणाले, "ठेवून जा, मीटिंगमध्ये घेऊ." छत्री सध्या बाल्कनीत आहे, बायको तिच्यावर पापड वाळवते.

आपला,
सांगलीचा एक प्रेक्षक