सिस्टर, तुमचा डबा अजून आमच्याकडेच आहे

प्रिय सिस्टर,

त्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर तुमच्याशी धड बोलताच आलं नाही. माझा गळा दाटला होता आणि माझा मुलगा हात ओढत होता, घरी चल म्हणून. म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, कारण आमच्यासारखी आणखीही घरं आहेत. पोर ओरडलंच तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसतात. आम्ही नऊ वर्षं तिथे बसलो.

तुम्ही येण्याआधी आम्हाला सांगितलं गेलं होतं, "तो तर निष्पापच आहे, त्याला चर्चचे संस्कार कशाला? आणि कळणार तरी काय?" बोलणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. पण त्याच्या बरोबरीची मुलं पहिल्या कम्युनियनला, म्हणजे ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घ्यायला, रांगेत गेली आणि आम्ही बाकावरच राहिलो.

तुम्ही पहिल्या भेटीत त्याला एकही प्रश्न विचारला नाहीत. तो बाटल्यांची झाकणं ओळीत लावत होता, तुम्ही शेजारी जमिनीवर बसून बघत राहिलात. ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईला विचारा याचं मोल! मग मला म्हणालात, चर्चच्या कायद्याचं ९१३ वं कलम वाचा, त्यात मुलांनी ख्रिस्ताचं रहस्य 'आपापल्या कुवतीनुसार' समजावं असं आहे. अमेरिकेतल्या बिशपांनी १९९५ मध्ये तर स्पष्टच लिहिलं की कम्युनियन हे रोजचं अन्न नव्हे एवढी ओळख पुरे, आणि ती बोलूनच दाखवायला हवी असं नाही. हावभावातून, आदराच्या शांततेतूनही चालेल. फ्रान्समधल्या लुर्द या तीर्थक्षेत्राची गोष्टही तुमच्याकडूनच कळली. दोन मतिमंद मुलांमुळे एका फ्रेंच जोडप्याला यात्रेत घेतलं नाही, आणि १९७१ च्या ईस्टरला अशाच कुटुंबांची बारा हजारांची यात्रा तिथे पोचली. त्या रात्री मी नवऱ्याला ती दोनदा सांगितली.

खरी अडचण मात्र कायद्याची नव्हतीच, जिभेची होती. कोरडं, टाळूला चिकटणारं काही त्याला सहनच होत नाही. तुम्ही अभिमंत्रित न केलेल्या ओस्त्या, म्हणजे कम्युनियनच्या पातळ चकत्या, डब्यात घालून आणल्यात. पहिला आठवडा नुसती तळहातावर. मग ओठांना. मग एक कण, आणि तो त्याने थुंकला, तुमच्या बाहीवर. तुम्ही बाही पुसलीत आणि म्हणालात, "पुढच्या मंगळवारी." असे सात मंगळवार. कणातही ख्रिस्त पूर्ण असतो, मग आख्खी ओस्ती कशाला हवी, हे मी लहानपणी पाठ केलं होतं. त्याचा उपयोग मात्र तुम्ही दाखवलात.

त्या रविवारी फादरांनी कण ठेवला. तुम्हाला माहीत आहे, हा झोपेतसुद्धा गुणगुणतो. ते थांबलं. बाकापर्यंत येईतो थांबलेलं होतं. बसल्यावर पुन्हा सुरू, पहिल्यापेक्षा मोठ्याने. पुढच्या बाईंनी वळून पाहिलं. मी पहिल्यांदाच "सॉरी" म्हटलं नाही.

आणि गीतपुस्तकं वाटायचं काम दिलंत, त्याचे आभार वेगळे. हातात आधीच पुस्तक असलं तरी तो दुसरं देतोच. फादरांनाही सोडत नाही. लोकांना आता त्याचं नाव माहीत आहे.

उरलेल्या ओस्त्यांचा तो डबा आमच्याकडेच राहिलाय. पुढच्या रविवारी आणते. आता आम्ही चौथ्या रांगेत असतो, खांबाजवळ.

तुमची,
त्याची आई