सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी; रात्रीची जबाबदारी कुणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सकाळी भरती, दुपारपर्यंत ऑपरेशन आणि दिवेलागणीला घरी, ही पद्धत आता बेळगावच्या दवाखान्यांतही रुळली आहे. मोतीबिंदू काढल्यावर पूर्वी डोळ्याला पट्टी बांधून दिवसचे दिवस पडून राहावे लागे. आता पेशंट काळा चष्मा लावून संध्याकाळच्या चहाला घरी असतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया आणि लवकर उतरणारी भूल यांमुळे हे साधले. खाट दुसऱ्या गरजूला मिळते, सोबतच्या माणसाचा रोजगार बुडत नाही. त्याला माझा विरोध नाही.

पण ज्यांनी ही पद्धत सुरू केली त्यांनी नुसती सुटी दिली नव्हती. ग्लासगोच्या मुलांच्या इस्पितळातील सर्जन जेम्स निकोल यांनी १९०९ मध्ये आपल्या दहा वर्षांतील सुमारे ९ हजार ऑपरेशनांचा हिशेब मांडला. मुले त्याच दिवशी आयांच्या कडेवर घरी जात. मात्र घरी जाऊन पाहणाऱ्या परिचारिका होत्या आणि तान्ह्या बाळांच्या आयांना राहण्यासाठी इस्पितळाजवळ एक लहानसे घरही होते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने २००० साली ठरवून होणाऱ्या ऑपरेशनांपैकी ७५ टक्के त्याच दिवशी उरकण्याचे लक्ष्य ठेवले. तिथेही भूल दिलेल्या पेशंटजवळ पहिले २४ तास जबाबदार माणूस हवा, घरी फोन हवा, असे दंडक आहेत. तरीही एकट्या इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांच्या खाटा १९८७-८८ मधील सुमारे २ लाख ९९ हजारांवरून २०१९-२० पर्यंत १ लाख ४१ हजारांवर आल्या. त्यात मनोरुग्णांची मोठी इस्पितळे बंद झाली हेही खरे, पण खाट वाचली की ती कुणाला मिळते आणि कुणाच्या ताळेबंदात जाते, हे विचारायला हवे.

आपल्याकडे हा प्रकार गावोगावी पोहोचला तो नसबंदीच्या शिबिरांतून. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशने उरकून त्यांना घरी पाठवले. पुढच्या काही दिवसांत त्यांतल्या दहाहून अधिक जणी दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले. झटपट काम म्हणजे चांगले काम, हा हिशेब किती महागात पडतो ते तेव्हाच दिसले होते.

आता आमच्या खानापूर तालुक्याचे बघा. जांबोटी, कणकुंबीच्या पलीकडे जंगलातल्या गावांतून पावसाळ्यात आजारी माणसाला आजही खांद्यावरून आणावे लागते. मोबाईलला रेंज नाही, म्हणजे १०८ ला फोन कुठून करणार? गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकांचे हर्नियाचे ऑपरेशन बेळगावात झाले. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली होती, संध्याकाळी सुटी मिळाली. रात्री लघवी तुंबली. असल्या भुलीनंतर, त्यातून उतारवयात, असे होऊ शकते हे डॉक्टरांना ठाऊक असते. लघवी झाल्याशिवाय घरी सोडायला नको होते. काकू कागद घेऊन आमच्याकडे आल्या. कागद इंग्रजी आणि कन्नडमध्ये, त्यांना वाचता येते ते मराठी. शेवटी कुणाच्या तरी टेम्पोतून काकांना घाटातून बेळगावला नेले. नळी घातल्यावर पाच मिनिटांत मोकळे झाले, पण तोवरची रात्र त्यांनी कशी काढली ते त्यांनाच विचारा.

कन्नडविषयी माझ्या मनात आकस नाही. भाषेचे भांडण रस्त्यावर, कोर्टात चालू राहील. पण ताप आला, टाक्यांतून रक्त आले तर काय करावे हे पेशंटला वाचता येईल अशा भाषेत लिहून देण्यात कुणाचे राज्य बुडते? २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना देऊ केली तेव्हा दोन्हीकडून किती तोफा धडाडल्या! आयुष्मान भारतच्या पॅकेजात सुटीनंतरच्या १५ दिवसांची औषधे धरलेली आहेत. छान आहे. तुंबलेली लघवी गोळ्यांनी मोकळी होत नाही, एवढेच.

दवाखान्यांनी पेशंटला वय विचारावे तसे गाव, रस्ता आणि रेंजही विचारावी. ज्याच्या घरून तासाभरात परत येता येत नाही, त्याला एक रात्र ठेवून घ्यावे, मग त्याच दिवशी घरी सोडायच्या ऑपरेशनांची विम्याची यादी काहीही म्हणो. आणि प्रत्येकाला बेळगावातच ठेवायची गरज नाही. खानापूरच्या तालुका रुग्णालयात अशा पेशंटांसाठी एक खोली, चार खाटा, रात्रपाळीची एक नर्स आणि नळी घालता येण्याइतके सामान, एवढी सोय जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी येत्या पावसाळ्याआधी करावी.

— एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव