निर्वाहभत्त्याचा हप्ता चुकला की आईने कुठे जायचं?

मा. सामाजिक न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

गेली बारा वर्षं मी एका तालुक्यात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांसोबत काम करते. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा मला रोज उपयोगी पडतो. प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) साधा अर्ज करायचा, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, हे त्यांच्यासाठी फार मोठं आहे.

अडतं ते निकालानंतर.

एका आजींना मुलाकडून दरमहा चार हजारांचा आदेश मिळाला. दोन महिने पैसे आले, गणपतीनंतर बंद झाले. दर दहा तारखेला त्या बँकेत जाऊन पासबुक भरून आणायच्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून. वसुलीचा अर्ज करू म्हटलं की म्हणायच्या, "थांब गं, दिवाळीला येईल तो, तेव्हा देईल." दिवाळी गेली. संक्रांतीनंतर तयार झाल्या, तोवर सुरुवातीचे हप्ते हातचे गेले होते. कलम ५(८) प्रमाणे हप्ता देय झाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वसुलीचं वॉरंट निघत नाही. उरलेल्या हप्त्यांचा अर्ज मी लिहायला घेतला, तर त्यांनी माझा हात धरला. "वॉरंट म्हणजे पोलीस का गं? मग नको."

साहेब, आईचं हे थांबणं कायद्याने धरलेलंच नाही. पोटच्या पोरावर वॉरंट काढायचं, वेळ पडली तर त्याला तुरुंगात पाठवायचं, किंवा गप्प बसायचं, एवढंच तिच्यापुढे उरतं. मधली वाट आम्ही फोन करून, घरी जाऊन, सुनेशी बोलून काढतो. पण आमच्या शब्दाला कागदावर काही वजन नाही.

वजन ज्याचं आहे, तो माणूस कायद्यातच आहे. कलम १८ प्रमाणे जिल्हा समाजकल्याण अधिकारी हा निर्वाह अधिकारी. पालकाची इच्छा असेल तर न्यायाधिकरणापुढे, म्हणजे प्रांतांपुढच्या सुनावणीत, त्याने त्यांची बाजू मांडायची. अख्ख्या जिल्ह्याच्या योजना सांभाळणारा अधिकारी प्रत्येक तारखेला कसा येणार? माझ्या कामात तरी मी त्यांना सुनावणीला पाहिलेलं नाही. समोर मुलगा फाइल घेऊन बसतो आणि आईला स्वतःचं वयही घाबरून नीट सांगता येत नाही.

म्हणून मागणं एवढंच. प्रत्येक प्रांत कार्यालयात निर्वाह अधिकाऱ्याच्या हाताखाली एक पूर्णवेळ प्रशिक्षित समाजकार्यकर्ता द्या. आदेशांची नोंदवही ठेवा; हप्ता चुकला की पंधरा दिवसांत त्याने मुलाला बोलावून घ्यावं आणि तीन महिने उलटायच्या आत आईला तिचा हक्क समजावून सांगावा. याला कायदा बदलायला नको, शासन निर्णय पुरे. निर्वाहभत्त्याची दरमहा दहा हजारांची कमाल मर्यादा मात्र २००७ पासून तशीच आहे. ती काढणारं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यासाठी आपण केंद्राला लिहावं.

नोंदवहीचा नमुना करून द्यायला आम्ही कार्यकर्त्या तयार आहोत. बोलवाल त्या दिवशी येऊ.

आपली नम्र,
एक समाजकार्यकर्ती