युरोपात मुक्काम ठरवताना खोलीचा दर शेवटी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी तोंडावर आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत युरोप सहलीचे लेख येऊ लागतात. हॉटेलांविषयी त्यांत दोनच गोष्टी असतात: तारे किती आणि एका रात्रीचे पैसे किती. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून हल्ली बरीच कुटुंबे टूर कंपनीशिवाय, घरबसल्या आरक्षण करून युरोपला निघतात. त्यांची फसगत होते ती बहुतेक वेळा याच दोन आकड्यांवर विसंबल्याने. दर ही सगळ्यात शेवटी पाहायची गोष्ट. त्याआधी काय पाहावे, एवढ्यापुरते हे पत्र.

सुरुवात व्हिसापासून. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसाचा, अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे विमान कुठे उतरते त्यावर ठरत नाही. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री समान असतील तरच ज्या देशातून आत शिरणार तो देश. समजा फ्रान्स ३, स्वित्झर्लंड ४ आणि इटली ३ रात्री असा बेत आहे. अर्ज स्वित्झर्लंडकडे. मग कुणाला तरी स्वित्झर्लंडमधले इंटरलाकेन महाग वाटते, तिथली एक रात्र कापून मिलानला जोडली जाते आणि हिशेब इटलीकडे झुकतो. अर्ज मात्र स्विस वकिलातीकडेच पडलेला. नकाराला हे आयते कारण आहे. म्हणून आधी कागदावर रात्री मांडाव्यात, त्या पक्क्या कराव्यात आणि मगच हॉटेल शोधायला बसावे.

हा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण तो ४५ दिवसांपर्यंतही लांबू शकतो. तेव्हा पैसे परत न मिळणारी खोली थोडी स्वस्त दिसली तरी व्हिसा हातात येईपर्यंत तिच्या वाटेला जाऊ नये. ‘फ्री कॅन्सलेशन’ एवढे वाचून थांबू नये, त्याची तारीख पाहावी. ती व्हिसाच्या अपेक्षित निर्णयानंतरची हवी. मुदत हॉटेलच्या स्थानिक वेळेने मोजतात. उन्हाळ्यात मध्य युरोपात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन झालेले असतात.

काही एजंट अर्जापुरते ‘डमी बुकिंग’ देतात. ते दोन-चार दिवसांत रद्द होते, वकिलातीने हॉटेलला विचारलेच तर हॉटेल ‘असे कुणी नाही’ म्हणून कळवते, आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला तो डाग चिकटतो. आणखी एक किरकोळ वाटणारी बाब: आरक्षणाच्या कागदावर बहुधा एकाच माणसाचे नाव आणि ‘४ पाहुणे’ एवढेच छापून येते. हॉटेलला मेल करून चौघांची नावे असलेला कागद मागावा. आपल्या भागात अनेकांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो किंवा वडिलांचे नाव स्वतःच्या नावातच घुसलेले असते. आरक्षणावर तेच आणि तसेच यायला हवे.

आता सुट्टीचे. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी लिहिलेले लेख मे अखेर आणि जूनचा पहिला पंधरवडा गृहीत धरतात. कर्नाटकातल्या शाळांची सुट्टी एप्रिलमध्ये सुरू होऊन मे अखेरीस संपते. या फरकाचा सर्वांत मोठा फटका आल्प्समध्ये बसतो. तिथला स्कीचा हंगाम एप्रिलमध्ये आटोपतो आणि उन्हाळी हंगाम मे अखेर किंवा जूनमध्ये सुरू होतो. मधल्या आठवड्यांत वेंगेन, म्युरेन अशा डोंगरावरच्या गावांतली बरीच हॉटेले कुलूपबंद असतात आणि रोपवे देखभालीसाठी थांबवलेले असतात. जे एखादे हॉटेल उघडे सापडते ते स्वस्त दिसते, पण गावात जेवायला जागा नसते. एप्रिल-मेमध्ये जाणाऱ्यांनी वर राहण्याचा मोह सोडून इंटरलाकेन, लुझर्न, थून अशा बारमाही शहरांत मुक्काम करावा. युंगफ्राउयोख या उंचावरच्या प्रसिद्ध बर्फाळ ठिकाणची रेल्वे वर्षभर चालते, खालून जाऊन येता येते.

याच दिवसांत हॉलंडमध्ये उलटी परिस्थिती. कोकेनहोफची ट्यूलिप बाग साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते, त्यात २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस. त्या दोन-तीन रात्री ॲमस्टरडॅममध्ये मिळेल त्या दराने खोली घ्यावी लागते. ॲमस्टरडॅममध्ये पर्यटक कर खोलीच्या दराच्या १२.५ टक्के आहे, आणि १ जानेवारी २०२६ पासून नेदरलँड्समध्ये निवासावरचा व्हॅट ९ वरून २१ टक्के झाला आहे. त्यापेक्षा जवळच्या गावी राहावे: हार्लेमहून ॲमस्टरडॅम रेल्वेने वीसेक मिनिटे, उत्रेख्तहून अर्ध्या तासाच्या आत. आमच्या मते हार्लेम. गाव देखणे आहे आणि ट्यूलिपच्या शेतांनाही जवळ.

यावरून गावाच्या नावाकडे वळतो. जाहिरातीत ‘व्हेनिस’ असते, हॉटेल निघते मेस्त्रेला किंवा त्याच्याही पलीकडे. मेस्त्रे वाईट नाही: स्टेशनापासून चालत पाच-सात मिनिटांवरचे हॉटेल असेल तर रेल्वेने दहा-बारा मिनिटांत व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनवर उतरता येते. प्रत्यक्ष बेटावर राहायचे तर नकाशावर पूल मोजावेत. जवळपास प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत, चाकांच्या बॅगा उचलूनच न्याव्या लागतात, आणि वॉटरबसचे ७५ मिनिटांचे तिकीट माणशी साडेनऊ युरो. चौघांचे एका फेरीचे ३८ युरो झाले. बेटावर राहणाऱ्याने म्हणूनच सांता लुचिया स्टेशन किंवा पियाझाले रोमा या बसतळाजवळची जागा घ्यावी. आणखी एक मेख आहे. दिवसापुरते येणाऱ्यांकडून व्हेनिस ठरावीक तारखांना प्रवेश शुल्क घेते. २०२५ मध्ये ते ५ युरो आणि आयत्या वेळी भरल्यास १० युरो होते. मेस्त्रे व्हेनिस नगरपालिकेतच येत असल्याने तिथे मुक्काम करणाऱ्याला सूट मिळते, पण तिची ऑनलाइन नोंद करून कोड घ्यावा लागतो. थोडे स्वस्त पडते म्हणून जवळच्या पादोवा शहरात राहिलेल्याला मात्र शुल्क भरावेच लागते.

पॅरिसचेही तसेच. हॉटेलच्या नावात ‘पॅरिस’ असणे आणि ते पॅरिसमध्ये असणे यांचा काही संबंध नाही. पत्त्यातला पिनकोड ७५ ने सुरू होतो का ते बघावे. विमानतळाची नावेही फसवी असतात. फ्रँकफुर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफुर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. मुंबईहून रात्री सुटणारी बरीच विमाने तिकडे सकाळी सहा-सात वाजता उतरवतात आणि खोली दुपारी तीनला मिळते, तेव्हा पहिल्या दिवसाचे हॉटेल सामान ठेवून घेते का हे आधी विचारावे. चावीच्या पेटीवर चालणाऱ्या अपार्टमेंटमध्ये सामान घ्यायला कुणीच नसते.

खोलीत किती माणसे हा विषय आपल्या लोकांना सर्वांत नडतो. आपल्याकडे लॉजवर ‘एक जादा गादी टाका’ म्हटले की काम भागते. तिथे अग्निसुरक्षेचे नियम आणि डोईवार कर यांमुळे नोंदवलेल्यापेक्षा एकही माणूस जास्त चालत नाही, मग ते नऊ वर्षांचे पोर का असेना. आरक्षणात मुलांची खरी वये भरावीत. कित्येक ठिकाणी बारा वर्षांवरचे मूल प्रौढात धरतात. साधी डबल रूम १२ ते १५ चौरस मीटर, म्हणजे १३० ते १६० चौरस फूट. दोन मोठ्या बॅगा एकदम उघडता येत नाहीत. चौघांसाठी ‘क्वाड्रुपल’ किंवा ‘फॅमिली रूम’ शोधावी, नाहीतर सरळ दोन खोल्या.

आजी-आजोबा बरोबर असतील तर लिफ्ट. पॅरिसमधल्या जुन्या इमारती सहा-सहा मजली आणि कित्येकदा विनालिफ्ट. ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठच्या घरांचे जिने तर शिडीसारखे उभे. यादीत ‘लिफ्ट’ असली तरी ती दहा-बारा पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होते, असेही असते. मेलवर एकच प्रश्न विचारावा: रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण किती पायऱ्या? उत्तर टाळणाऱ्या हॉटेलचा नाद सोडावा. एसीसाठी एप्रिल-मेमध्ये जादा पैसे मोजू नयेत, गरजच पडत नाही. जुलैत मात्र जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये एसी नसलेली आणि छताला पंखाही नसलेली माळ्यावरची खोली घेऊ नये. ‘प्रायव्हेट एक्स्टर्नल बाथरूम’ म्हणजे न्हाणीघर तुमचेच, पण बोळाच्या पलीकडे. जेट स्प्रे सहसा मिळत नाही. इटलीत १९७५ च्या नियमाने घरांत बिडे (धुण्यासाठीचे बसके पात्र) असतो, इतरत्र प्लास्टिकचा छोटा तांब्या बॅगेत असू द्यावा.

शाकाहारी कुटुंबांनी, आणि आपल्याकडे जैन कुटुंबे पुष्कळ आहेत, तीन-चार रात्रींपेक्षा जास्त मुक्काम असेल तिथे स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी. त्याहून कमी दिवसांना ती परवडत नाही, कारण स्वच्छतेचे शुल्क एकरकमी असते: ६० युरो दोन रात्रींवर वाटले तर रात्रीला ३० पडतात, सहा रात्रींवर १०. ‘किचनेट’ लिहिलेल्या जागी नुसता मायक्रोवेव्ह आणि किटली निघू शकते. फोटोत शेगडी दिसल्याशिवाय मानू नये. शेगडी बहुधा इंडक्शनची. घरचा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटले तरच ते न्यावे. फोडणी खिडकी उघडून आणि चिमणी लावून द्यावी, कारण मोहरी तडतडली की धुराचा अलार्म वाजतो आणि काही इमारतींत तो थेट अग्निशमन दलाला जातो. त्या फेरीचे बिल पाहुण्याच्या नावे येते. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट, पण आपली तीन पिनांची गोल प्लग तिथे बसत नाही; दोन बारीक पिनांचा चार्जर बहुतेक ठिकाणी चालतो.

बरोबर काय न्यावे हेही यातच येते. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. म्हणजे बेळगावचा कुंदा नाही, तूप नाही. ताजा कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय नाही. चिवडा, मेतकूट, भाजणी, कोरड्या चटण्या चालतात. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी दुकाने बंद असतात. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली तेवढी उघडी. रविवारी उतरणार असाल तर स्टेशनजवळचा मुक्काम याही कारणाने सोयीचा.

दराखाली बारीक अक्षरात असतो तो पर्यटक कर, आणि तो बहुधा हॉटेलात वेगळा भरावा लागतो. रोममध्ये तीन तारा हॉटेलला माणशी रोज ६ युरो, चार तारांना साडेसात. दहा वर्षांखालील मुले वगळून. दहा वर्षांवरील चौघे तीन रात्री तीन तारा हॉटेलात राहिले तर ७२ युरो. बर्लिनमध्ये जानेवारी २०२५ पासून दराच्या साडेसात टक्के. या कराच्या बदल्यात काही शहरे परतफेडही करतात: बाझेल, बर्न आणि जिनिव्हात हॉटेल पाहुण्याला शहरातल्या बस-ट्रामचा मोफत पास देते, साल्झबुर्ग प्रांतातही मे २०२५ पासून तशी सोय आहे. चेक-इनच्या वेळी कुणी आपणहून दिला नाही तर मागून घ्यावा.

खासगी अपार्टमेंटच्या जाहिरातीवर नोंदणी क्रमांक हवाच. इटलीत जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय ओळख क्रमांक बंधनकारक आहे, पॅरिसमध्येही नोंदणी क्रमांक लागतो. क्रमांक नसलेली जाहिरात ऐन वेळी काढून टाकली जाते आणि तुमचे आरक्षण तिच्याबरोबर जाते. पैसे भरून झाल्यावर ‘कार्ड पुन्हा पडताळा, नाहीतर आरक्षण रद्द’ असा दुवा आला, मग तो हॉटेलच्याच नावाने आणि खऱ्या आरक्षण क्रमांकासह का असेना, त्यावर बोट ठेवू नये. हॉटेलला फोन करावा. अनामत रकमेसाठी डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड देऊ नये, अडकलेले पैसे सुटायला दिवसेंदिवस लागतात. क्रेडिट कार्ड द्यावे आणि यंत्राने ‘रुपये की युरो’ विचारल्यास युरो निवडावा.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांसाठी दोन ओळी. जर्मनीतल्या ड्युसेलडोर्फचे गिफा हे ओतकामाचे प्रदर्शन चार वर्षांनी भरते, पुढचे जून २०२७ मध्ये. त्या आठवड्यात शहरातले दर कित्येक पट होतात. नॉइस, क्रेफेल्ड, डुइसबुर्ग किंवा कोलोनला रद्द करता येणारी खोली शक्य तितक्या लवकर धरून ठेवावी. कोलोनहून रेल्वेने अर्धा तास लागतो. दसऱ्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी म्युनिकचा मुक्काम ऑक्टोबरफेस्ट हा बिअर महोत्सव संपल्यानंतरचा ठेवावा. तो ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या आसपास संपतो, आणि त्याच म्युनिकमध्ये नंतर दर उतरतात.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक
टिळकवाडी, बेळगाव