चिपाडाची वीज

मॉरिशस, १२ ऑगस्ट

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

"त्या एवढ्याशा बेटावर पिकतं तरी काय?" असं परवा तुम्ही विचारलंत आणि नेमका फोन कटला. म्हणून लिहायला बसले.

पिकतो ऊसच! आपल्या कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं, की जूनमध्ये इथला हंगाम सुरू. सगळा देश मिळून निम्म्या सिंधुदुर्गाएवढाही नाही. उसाच्या रानात मधोमध काळ्या दगडांचे घराएवढे ढीग दिसतात. गिरमिटवर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आलेल्या मजुरांनी रान मोकळं करताना हातांनी रचलेले. दगड आपल्यासारखाच, ज्वालामुखीचा.

सध्या आमच्या बॉयलरच्या पट्ट्यावरून रात्रंदिवस बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, येतोय. ओला, आंबूस वास. ड्यूटी संपवून खोलीवर आले तरी केसातून भुसा निघतो. बगॅस हा शब्द फ्रेंचांचा, हे मला इथं कळलं. मी तो कोल्हापूरचाच समजत होते!

पूर्वी युरोप इथली सुमारे ५ लाख टन साखर बांधीव चढ्या दरानं घ्यायचा. १९७५ चा करार होता. दर टप्प्याटप्प्यानं ३६ टक्के उतरवला आणि २००९ ला करारही संपला. एकेकाळी वीसएक कारखाने होते, आता तीन. पण लोकांनी आधीच हातपाय हलवले होते. १९७० नंतर कपड्यांचे कारखाने निघाले, त्यात साखरेचाच पैसा होता. उरलेल्यांनी चिपाडाची वीज केली. तुम्हाला राग येईल असं एक सांगते: इथं शेतकऱ्याला बगॅसचेही वेगळे पैसे मिळतात. आपली एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, बसलीय साखरेचा उतारा धरून.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. युनोच्या अंक्टाड या व्यापार-विकास संस्थेनं २०२१ मध्ये 'उत्पादक क्षमता निर्देशांक' काढला. देश किती कमावतो ते न बघता काय काय करू शकतो ते बघायचं. त्यात आठ गोष्टी धरतात: माणसं, निसर्ग, वीज, वाहतूक, फोन-इंटरनेट, सरकारी संस्था, खाजगी धंदे आणि शेतीतून पुढं सरकण्याची गती. मला हे पटतं, कारण जागतिक बँकेनं जुलै २०२० मध्ये मॉरिशसला उच्च उत्पन्नाच्या यादीत घातलं आणि पुढच्याच जुलैला काढलं. कोविडात विमानं थांबली, हॉटेलं ओस पडली, एवढंच. बंदर, गिरण्या, शिकलेली पोरं होती तिथंच होती. तुमच्या भाषेत सांगायचं तर एका वर्षी उसाचं बिल थकलं म्हणून विहीर आटत नाही.

तरी माझी एक तक्रार आहे. हंगाम संपला की आमचाच बॉयलर कोळशावर चालतो आणि कोळसा येतो बोटीनं. चक्रीवादळात बंदर बंद झालं की सगळ्यांची नजर कोळशाच्या ढिगाकडं. ती धाकधूक त्या निर्देशांकाच्या वर्षाच्या आकड्यात कितपत उतरत असेल, शंका आहे.

गणपतीला इथं सरकारी सुट्टी असते. शेजारच्या आजी मराठी घरातल्या, बोलतात क्रिओल, पण आरती पाठ! माझे मोदक फुटतात. आईला उकडीचं प्रमाण लिहून पाठवायला सांगा. आणि आडसालीला यंदा उसाची जात ८६०३२ धरलीत की २६५?

तुमची,
वैशू