काकांची मारुती ठेवावी की मोडीत द्यावी

नागपूर,
८ फेब्रुवारी २०२६

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसामुळे नव्हे. गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिच्याविषयी काही लिहिणे मला बरे वाटेना, आणि महालातल्या तुमच्या वाड्याच्या फाटकाची किल्ली शेजाऱ्यांकडून मिळवून, आमच्या मिस्तरींना, म्हणजे उस्तादांना, वेळ असेल असा रविवार गाठून तिथे जाईपर्यंत इतके दिवस निघून गेले. माझी स्वतःची मारुती गेली अठरा वर्षे उस्तादच सांभाळतात, त्यामुळे खालचे बरेचसे निदान त्यांचे आहे. मते मात्र माझी.

दिवंगत काकांची १९९८ ची मारुती ८०० दुरुस्त करून ठेवावी, की मोडीत देऊन प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यावर नव्या गाडीच्या करात मिळणारी सवलत पदरात पाडून घ्यावी, असा तुझा प्रश्न आहे. माझे मत आधीच सांगतो : ठेवावी, पण एका अटीवर, आणि ती अट इंजिनाची नसून पत्र्याची आहे. ती पुढे येईलच.

गाडी परसातल्या कडुनिंबाखाली आहे तशी उभी आहे. ‘एकदा चावी फिरवून तर पाहा,’ असे शेजारचे जोशीकाका सारखे म्हणत होते. उस्तादांनी काही न बोलता मेलेली बॅटरी काढून ओट्यावर ठेवली आणि तो विषय संपवला. तीन वर्षे न फिरलेल्या इंजिनाला एकदम स्टार्टर मारला तर कोरड्या सिलिंडरवर पिस्टनच्या रिंगा घासतात. म्हणून आम्ही तिन्ही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडले, अर्धा तास चहात घालवला आणि मग क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवले. ते फिरले, आणि कुठेही न अडकता फिरले. डॅशबोर्डच्या कप्प्यात काकांची छोटी वही सापडली. तिच्यात प्रत्येक ऑइल बदलाची तारीख आणि किलोमीटर त्यांच्या त्या बारीक अक्षरात लिहिलेले आहेत. तिच्यावरून कळले की टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह (झडपा) ठरल्या वेळी उघडणारा पट्टा, शेवटचा २०११ साली बदलला होता. तेव्हा नवा बेल्ट घातल्याशिवाय हे इंजिन सुरू करायचे नाही, असे ठरवले आहे.

इंजिनाची काळजी तू करू नकोस. तुला वाटते तसे ही गाडी बंद झाल्यामुळे तिचे इंजिनाचे भाग दुर्मिळ झालेले नाहीत. पहिली ८०० ग्राहकाच्या हाती पडली १४ डिसेंबर १९८३ ला आणि शेवटची तयार झाली जानेवारी २०१४ मध्ये. पण हेच ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन मारुतीच्या ओम्नी व्हॅनमध्येही होते, आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती. रुग्णवाहिका, शाळेच्या गाड्या, भाजीवाल्यांच्या गाड्या अशा असंख्य ओम्नी अजून रस्त्यावर धावत असल्यामुळे पिस्टन, रिंगा, गॅस्केट, ऑइल पंप, बेल्ट या वस्तू घाट रोडच्या दुकानांत आजही मिळतात. फक्त एक सावधगिरी : दुकानदार ‘अल्टोचे चालते’ म्हणून काही देऊ लागला तर घेऊ नये. अल्टोचे इंजिनही ७९६ सीसीचेच आहे, पण त्याला बारा व्हॉल्व्ह आहेत आणि आपल्याला सहा. हेडशी, म्हणजे इंजिनाच्या वरच्या व्हॉल्व्ह असलेल्या भागाशी, संबंधित कोणतीही वस्तू एकमेकांना लागत नाही. जुना भाग खिशात घालून न्यावा, किंवा त्याहून चांगले म्हणजे भागक्रमांक लिहून न्यावा. त्यातले पहिले पाच आकडे भागाचा प्रकार सांगतात आणि पुढचे मॉडेल.

खरी अडचण रबराची आहे, आणि नागपुरात ती दुप्पट आहे. मे महिन्यात ४५ अंशांवर तापणाऱ्या या शहरात बंद बॉनेटखालचा रबरी होज (नळी) किती वर्षे टिकावा याचा विचार जपानमध्ये कोणी केला असेल असे मला वाटत नाही. तुमच्या गाडीचे रेडिएटरचे होज बोटाने दाबले तर कुरकुरतात. दोन्ही एक्सल बूट (चाके फिरवणाऱ्या दांड्यांवरची रबरी आवरणे) फाटून ग्रीस बाहेर आले आहे. इंजिन ज्यावर टेकते ते रबरी माउंटिंग दबले आहे, सस्पेन्शनचे रबरी बुश दगडासारखे झाले आहेत, दारांचे बीडिंग (कडेची रबरी पट्टी) हाताला काळी भुकटी लावते. टायरची नक्षी पाहून तू फसशील, कारण ती जवळजवळ नवी आहे. पण बाजूवरचा चार आकडी शिक्का ३४१७ आहे, म्हणजे २०१७ सालचा चौतिसावा आठवडा. ते चारही टायर बाद. बारा इंची टायर आता प्रत्येक दुकानात नसतात, मागवावे लागतात. मागच्या ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम आहेत, कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि आतून गंज धरतो. या सगळ्या वस्तू स्वस्त आहेत. बिल वाढते ते त्यांची संख्या आणि मजुरी यांमुळे.

यातही ‘जेन्युइन’ आणि ‘लोकल’ हा भेद कुठे पाळावा आणि कुठे सोडून द्यावा, हे मी पैसे घालवून शिकलो आहे. बीडिंग, आरसा, दाराची मूठ लोकल घेतली तरी बिघडत नाही. ब्रेक, पेट्रोल आणि कूलंट यांच्या वाटेतली कोणतीही वस्तू लोकल घेऊ नये. चार वर्षांपूर्वी मी माझ्या गाडीला एक पेट्रोल पंप बसवला होता. डबा, होलोग्राम, छपाई सगळे अगदी खऱ्यासारखे. महिनाभराने डिपस्टिक (ऑइल मोजायची सळई) काढली तर ऑइलची पातळी खाली जाण्याऐवजी वर गेलेली, आणि त्याला पेट्रोलचा वास. आतला पडदा फाटून पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरत होते. तसेच आणखी पाच-सातशे किलोमीटर चालवले असते तर बेअरिंग गेले असते. दुकानदाराने पंप परत घेतला, पण ऑइलचे पैसे मात्र ‘तुमच्या मिस्तरीची चूक असेल’ म्हणून दिले नाहीत. तेव्हापासून मी अशा वस्तूंसाठी घाई करत नाही. इथे मिळाले नाही तर दिल्लीच्या काश्मिरी गेटहून किंवा चेन्नईच्या पुदुपेटहून मागवतो. त्या दोन बाजारांच्या जवळजवळ मध्यावर आपण बसलो आहोत, एवढा तरी झिरो माइलचा उपयोग व्हावा.

पेट्रोलविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण काकांनी गाडी शेवटची चालवली त्यानंतर पेट्रोलच बदलले आहे. आता पंपावर मिळते त्यात २० टक्के इथेनॉल असते. ते सहन करणारे भाग नव्या गाड्यांत एप्रिल २०२३ पासून आले. १९९८ च्या कार्ब्युरेटरमधले (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातले) रबर आणि गॅस्केट त्यासाठी केलेलेच नाहीत. ते फुगतात किंवा ठिसूळ होतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि गाडी बराच काळ उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी बसून टाकी आतून गंजवते. आम्ही तुमची टाकी रिकामी केली तेव्हा वार्निशासारख्या वासाच्या पेट्रोलाबरोबर तांबूस गाळ निघाला. म्हणजे टाकी उतरवून धुवावी लागेल, इथेनॉल सहन करणारा नवा होज टाकावा लागेल आणि कार्ब्युरेटरची किट बदलावी लागेल. आणि त्यानंतर गाडी पुन्हा महिनोन्महिने उभी ठेवायची नाही.

उन्हाळ्यात थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकण्याची आपल्याकडच्या मिस्तऱ्यांची सवय तुला ठाऊक असेलच. काकांच्या गाडीतलाही काढलेला निघाला. मला हा उपाय पटत नाही. रेडिएटर बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी बुजला असेल तर थर्मोस्टॅट काढून तो साफ होत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत इंजिन हवे तितके तापतच नाही. रेडिएटर नीट साफ करून, कूलंट भरून, थर्मोस्टॅट परत बसवायचा, हे उस्तादांनीही थोड्या वादानंतर मान्य केले.

आता पत्रा. विंडशील्डच्या खाली, वायपरच्या जवळ जी जाळी असते, तिच्यातून आत गेलेले पावसाचे पाणी दोन बाजूंच्या नळ्यांतून खाली जमिनीवर पडायचे असते. कडुनिंबाच्या पानांनी त्या नळ्या गच्च भरल्या होत्या. तीन पावसाळ्यांचे पाणी वाट न मिळाल्याने आत झिरपले आणि डाव्या बाजूला पाय ठेवण्याच्या जागी गालिच्याखाली साचत राहिले. गालिचा उचलला तेव्हा तिथे पत्र्याऐवजी तपकिरी पापडी होती. स्क्रू-ड्रायव्हर सहज आरपार गेला आणि खालची माती दिसली. भोक तळहाताएवढे आहे. हा भाग कापून नवा पत्रा बसवता येतो, पण तो सी.ओ.टू. वेल्डिंगनेच बसवायला हवा. गॅसच्या ज्योतीने इतका पातळ पत्रा वाकतो आणि शिवणीजवळ पुन्हा लवकर गंजतो.

प्रश्न आहे तो भोकाच्या बाजूचा. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, तिचे पत्र्याचे कवच हेच तिचे हाडपेर आहे. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी जी पोकळ पेटी आहे, तिच्यापर्यंत गंज पोहोचला असेल तर गाडीवर कितीही खर्च केला तरी ती सुरक्षित होणार नाही, आणि मग माझे मत बदलेल. बाहेरून हातोडीने ठोकून पाहिले, आवाज घट्ट येतो. आतून पाहायचे तर डाव्या बाजूची सीट, उरलेला गालिचा आणि दाराखालची पट्टी काढावी लागेल. ती पट्टी जुनी आहे, काढताना तुटेल आणि तशी दुसरी मिळेल याची मला खात्री नाही. म्हणून तुला विचारल्याशिवाय हात लावला नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात लिहितो. गाडी काकांच्या नावावर आहे, तेव्हा मालकाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतरणासाठी नमुना ३१ आणि नोंदणी नूतनीकरणासाठी नमुना २५ भरावा लागेल. मुदत २०२३ मध्येच संपली आहे. वीस वर्षांवरच्या मोटारीचे नूतनीकरण शुल्क गेल्या ऑगस्टपासून १०,००० रुपये झाले आहे. उशिराचा आकार आणि पर्यावरण कर वेगळे. आर.टी.ओ.त गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते, त्यामुळे आधी दुरुस्ती आणि मग कागद हाच क्रम.

तर आता तू एवढेच कळव की ती पट्टी काढू का. हो म्हणालास तर पुढच्या रविवारी काढतो आणि आतला फोटो पाठवतो. काकूंनाही एकदा विचार, कारण काकांची वही त्यांना हवी असेल. ती मी घरी आणून ठेवली आहे. जाळी आणि नळ्या साफ करून वर ताडपत्री बांधली आहे. झाडाखालून मात्र गाडी हलवता आली नाही, मागची चाके फिरत नाहीत.

तुझा,
मधुकर